बियांपासून कॅक्टस: या चुका टाळा

कॅक्टस वाळवंटातला, म्हणून त्याला कडक ऊन द्यायचं आणि पाणी तोडायचं, या एका समजुतीपायी घरी रुजवलेली बहुतेक रोपं जातात. वाढलेल्या झाडाला हे चालतं. पण मोहरीएवढ्या रोपाच्या अंगात पाणी साठवायला जागाच नसते. मेक्सिकोच्या माळरानावरही अशी रोपं उघड्यावर क्वचितच तगतात; झुडपाच्या नाहीतर दगडाच्या आडोशाला, पावसाच्या ओलीवर ती वाढतात. घरीही पहिले काही महिने तोच आडोसा आणि तीच ओल द्यायची असते.

दुसरी चूक म्हणजे बी पुरणं. ॲस्ट्रोफायटम, मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम या कॅक्टसच्या प्रकारांच्या बियांना रुजायला उजेड लागतो. त्या ओल्या मातीवर नुसत्या भुरभुरा, वर माती लोटू नका. माती म्हणजे चाळलेली जाडसर वाळू, परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). समुद्राची वाळू खारट असते, ती नको. शेणखतही नको, त्यावर बुरशी फार लवकर धरते. मिश्रण आधी कुकरमध्ये वाफवून पूर्ण गार करा. ही पायरी अनेकांना कटकटीची वाटते, पण माझ्या मते सगळ्यात जास्त रोपं हीच वाचवते. मग कुंडी पारदर्शक पिशवीत बंद करून उजेडात ठेवा, थेट उन्हात नाही. उन्हात पिशवी तापते आणि आतली रोपं शिजतात. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर पेरण्यापेक्षा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात पेरलेलं बरं. कडाक्याच्या थंडीतही बी अडून बसतं. 20 ते 30 अंश तापमान त्याला मानवतं.

बी रुजलंच नाही तर आधी त्याचं वय पाहा. फ्रेलिया या कॅक्टसचं बी लवकर निकामी होतं. ॲस्ट्रोफायटम ताजं असेल तर आठवड्याच्या आत डोकं काढतं. फड्या निवडुंगाचं कवच मात्र इतकं टणक असतं की कित्येक महिने जाऊ शकतात, ती कुंडी घाईने रिकामी करू नका.

रोप रात्रीतून काचेसारखं होऊन आडवं पडलं तर ती मर, म्हणजे बुरशी. ते रोप भोवतीच्या मातीसकट काढा, पिशवी थोडी उघडा आणि कॅप्टानसारखं बुरशीनाशक पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. इथे एक दिवसाची चालढकलही महागात पडते. रोप लालसर झालं तर ऊन जास्त होतंय. फिकट होऊन उंच ताणलं तर उजेड कमी पडतोय. मातीवर हिरवा थर आला तर ओल जास्त आहे. बारीक काळ्या माशा दिसल्या तर त्यांच्या अळ्या मुळं कुरतडत असणार: पिवळे चिकट सापळे लावा आणि वरची माती जरा सुकू द्या.

पिशवी एकदम काढू नका. आधी एक भोक, काही दिवसांनी आणखी दोन, असं करत बाहेरच्या हवेची सवय लावा. त्यानंतर पाणी वरून ओतायचं नाही. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून बुडातून शोषू द्यायचं.

महागडं बी मागवण्याआधी बाजारातल्या ड्रॅगन फ्रूटवर हात बसवा. तोही कॅक्टसच, आणि आता सांगली-सोलापूरकडेही पिकतो. गर धुऊन काढलेलं ताजं बी सहज रुजतं. आणि कुठलीही रोपं असोत, वेगळी करण्याची घाई नको. दाटीत ती छान वाढतात. एकमेकांना टेकू लागली की मगच हलवा.