युद्धोत्तर काळातील ‘नुआर’ गुप्तहेर कादंबरी मराठीत कशी लिहावी

‘नुआर’ हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ काळा. महायुद्धात अडून राहिलेले अमेरिकी चित्रपट १९४६ साली एकदम पॅरिसला पोहोचले, तेव्हा तिथल्या समीक्षकांनी त्यांतील काही गुन्हेपटांना हे विशेषण लावले आणि त्याच वळणाच्या कादंबऱ्यांनाही हेच विशेषण लावले जाते. मराठी वाचक रहस्यकथेला नवखा नाही; परंतु आपल्या सवयीच्या रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात खुनी सापडला की घराची घडी पुन्हा बसते. नुआरमध्ये खुनी सापडतो आणि घर विस्कटलेलेच राहते, कारण बिघाड एका माणसात नसून साऱ्या शहराच्या व्यवहारात मुरलेला असतो. म्हणून अशी कादंबरी लिहायला घेताना टोपी, सिगारेट आणि खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या यांपासून सुरुवात करू नये. त्या काळच्या एखाद्या टंचाईपासून किंवा कायद्यापासून करावी. पुढील सर्व पायऱ्या याच एका सूचनेतून निघतात.

आधी शहर आणि महिना ठरवा

‘युद्धानंतरचा काळ’ ही फार सैल गोष्ट आहे. या लेखापुरते आपण लॉस एंजेलिस हे शहर घेऊ, कारण खासगी गुप्तहेराची ही कादंबरी तिथेच सर्वांत जास्त रुळली. साल बदलले की शहर बदलते. फेब्रुवारी १९४२ पासून अमेरिकेत नागरिकांसाठी मोटारी बनवणेच थांबले होते, त्यामुळे १९४६ साली दुकानात आलेली ‘नवी’ मोटार बहुतेक वेळा १९४२ च्याच आकृतीची, किरकोळ फेरफार केलेली असे. पेट्रोलचे रेशनिंग ऑगस्ट १९४५ मध्ये उठले, पण साखरेचे जून १९४७ पर्यंत चालले. परतलेल्या सैनिकांना राहायला घरे नव्हती, म्हणून १९४६ साली ग्रिफिथ पार्कमध्ये पन्हळी पत्र्याच्या सुमारे ७५० अर्धगोल झोपड्यांची वसाहत उभारावी लागली. शहरात उंच म्हणावी अशी इमारत एकच, १९२८ साली बांधलेले सिटी हॉल. इतरांना १५० फुटांची मर्यादा होती. सार्वजनिक टेलिफोनला पाच सेंटचे नाणे लागे.

हे तपशील गोळा करायला आता प्रवास करावा लागत नाही. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा छायाचित्रसंग्रह, आगीच्या विम्यासाठी घराघरांची नोंद करून काढलेले सॅनबॉर्न नकाशे, २०२२ साली खुली झालेली १९५० ची जनगणना आणि टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या सूचिपुस्तिका हे सर्व घरबसल्या पाहता येते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. या शहरात वर्षाकाठी साधारण १५ इंच पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. तेव्हा प्रत्येक प्रकरणात रस्ते ओले करण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी शरद ऋतूत वाळवंटाकडून येणारा सांता आना वारा घ्यावा. तो कोरडा आणि उष्ण असतो, वणवे भडकावतो आणि माणसांची डोकी तापवायलाही लेखकाच्या उपयोगी पडतो.

गुन्हा त्या वर्षाच्या पोटातून काढा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून ती एका उदाहरणाने सविस्तर पाहू. फेब्रुवारी १९४२ मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना, त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक असूनही, छावण्यांत डांबण्यात आले. हातात मावेल तेवढेच सामान नेता येत होते. बाकीचे विकावे लागले किंवा शेजाऱ्याच्या, नाहीतर देवळाच्या कोठारात ठेवून जावे लागले. लॉस एंजेलिसमधील ‘लिटल टोकियो’ ओस पडले आणि युद्धकारखान्यांत कामाला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे राहू लागली, कारण शहराच्या इतर भागांत घरांच्या करारांतच त्यांना मज्जाव होता. जानेवारी १९४५ पासून जपानी कुटुंबांना परतण्याची मुभा मिळाली. २ जुलै १९४८ रोजी नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यात दावा करायला अठरा महिन्यांची मुदत होती आणि नुकसान सिद्ध करायला पुरावा लागत होता. छावणीत जाताना घराची कागदपत्रे कोण सांभाळून नेणार?

आता ऑक्टोबर १९४८ मध्ये एक म्हातारा जपानी दुकानदार आपल्या गुप्तहेराच्या कचेरीत येतो असे धरा. त्याला खुनी नको आहे. त्याला एक वही हवी आहे, जिच्यात शेजारच्या व्यापाऱ्याच्या कारकुनाने त्याचे सामान मांडून सही केली होती. गुप्तहेर त्या कारकुनाला शोधतो आणि दोन दिवसांनी कारकून मेलेला आढळतो. वहीचे काय झाले? त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये घरोघरी परसात कचरा जाळायची भट्टी असे. धुरक्याने शहर गुदमरू लागल्यावरही त्या भट्ट्यांवर १९५७ पर्यंत बंदी आली नव्हती. भरदिवसा कागद जाळले तरी शेजारी मान वर करून पाहणार नाही. कायदा, मुदत, कागद आणि भट्टी या चार गोष्टींनी कथानक उभे राहते. हीच गोष्ट दहा वर्षे मागे-पुढे सरकवली तर कोसळते, आणि काळ खरोखर कथेत उतरला आहे की नाही याची माझ्या मते एवढीच कसोटी पुरेशी आहे.

व्यापाऱ्याला मात्र राक्षस करू नये. पहिली दोन वर्षे त्याने सामान इमानाने सांभाळले, मग जागेचे भाडे थकले, मग एक शिवणयंत्र विकले गेले, आणि उरलेले विकताना हात थरथरेनासा झाला, अशी उतरण दाखवावी. प्रत्येक पायरीवर वाचकाला ‘मीही कदाचित हेच केले असते’ असे वाटले पाहिजे.

गुप्तहेराला पोट आणि भूतकाळ द्या

खासगी गुप्तहेर परवान्यावर जगतो आणि पोलिसांची मर्जी गेली की तो परवाना धोक्यात येतो. ही भीती त्याच्या धाडसापेक्षा जास्त कामाची आहे. त्याचे रोजचे उत्पन्न घटस्फोटाच्या कामांतून येते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पूर्वी घटस्फोटासाठी कोणाचा तरी दोष सिद्ध करावा लागे, आणि व्यभिचार किंवा क्रूरता शाबीत झाली तर संपत्तीच्या वाटणीतही निर्दोष बाजूला झुकते माप मिळू शके. त्यामुळे हॉटेलच्या दाराशी ताटकळणे हाच त्याचा खरा धंदा. आपल्या उदाहरणात तो १९४५ साली जपानच्या ओकिनावा बेटावर जपान्यांशी लढलेला असावा आणि म्हाताऱ्याचा मुलगा त्याच वेळी अमेरिकी गणवेशात इटलीत लढून मेलेला असावा. हे दोघांनी एकमेकांना सांगण्याचा प्रसंग शक्य तितका उशिरा आणावा.

पोलीसचौकीतील प्रसंग लिहिताना अटक झालेल्याला त्याचे हक्क वाचून दाखवू नयेत. ती पद्धत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या निकालानंतरची आहे.

निवेदकाचे मराठी

निवेदन प्रथमपुरुषी असावे, कारण वाचकाला निवेदकाइतकेच कळावे आणि निवेदक जे लपवतो तेही हळूहळू जाणवावे. इथे मराठी लेखकापुढे काही निराळे प्रश्न उभे राहतात. हा लेख ज्या ग्रांथिक मराठीत लिहिला आहे त्या मराठीत गुप्तहेर बोलू लागला तर तो सरकारी अहवाल वाटेल. त्याने ‘केलं’, ‘गेलं’, ‘होतं’ अशीच रूपे वापरावीत. ‘जाऊन, पाहून, वळून’ अशी धातुसाधितांची साखळी मराठीला सहज येते, पण ती कृतींना एकमेकींत विरघळवते. मारामारीत ती टाळावी आणि थकून घरी परतण्याच्या वर्णनात मुद्दाम वापरावी.

उपमा कमी आणि निरीक्षण जास्त, हे धोरण ठेवावे. ‘विश्वासघाताच्या काळ्या ढगाने दुकान झाकोळले होते’ असे लिहिण्याऐवजी निवेदक म्हणेल: ‘दुकानावरची पाटी नवी होती. खिळ्यांची भोकं जुनीच होती.’ म्हणी आणि वाक्प्रचार अस्सल मराठी असावेत, पण त्यांतले जग पडताळून घ्यावे. ओकिनावाहून आलेल्या माणसाच्या तोंडी गंगेत घोडे न्हाऊ लागले की लॉस एंजेलिस क्षणात विरते.

याची भरपाई करणारे एक अस्त्र मराठीकडे आहे आणि ते इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळत नाही, ते म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’. पोलीस सार्जंट व्यापाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणतो आणि त्याच खोलीत बसलेल्या, वयाने वीस वर्षांनी मोठ्या दुकानदाराला ‘तू’ म्हणतो, एवढ्यात सारा वर्णभेद येतो. निवेदकाने त्यावर एक शब्दही बोलू नये. गुप्तहेर पहिल्या भेटीत म्हाताऱ्याला काय म्हणतो हे लेखकाने आधीच ठरवावे. माझ्या मते त्याने आरंभी संबोधनच टाळावे, ‘सामान कुठे ठेवलं होतं?’ अशी वाक्ये वापरावीत आणि ‘तुम्ही’ कादंबरीच्या उत्तरार्धात प्रथम उच्चारावे. असा बदल कुठल्या पानावर होतो याची प्रत्येक पात्रासाठी वेगळी नोंद ठेवावी, नाहीतर दुसऱ्या खर्ड्यात घोटाळा होतो.

ज्यांना घराजवळचेच शहर हवे आहे त्यांनी मुंबई घ्यावी. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा त्यावरच्या दारूगोळ्याबरोबर सोन्याच्या विटाही उडून दूरवर पडल्या होत्या. त्यानंतरची रेशनची दुकाने आणि १९४९ चा दारूबंदी कायदा यांच्यामध्ये एखादी हरवलेली वीट ठेवली तर वेगळे काही शोधावे लागणार नाही.

शेवट आणि वाचन

शेवट लिहिताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: कारकुनाला कोणी मारले, आणि म्हाताऱ्याला काय मिळाले. पहिल्याचे उत्तर पूर्ण आणि सुगाव्यांना धरून द्यावे, कारण तिथे कसूर झाली तर वाचक माफ करत नाही. दुसऱ्याचे उत्तर तुटपुंजे असावे. व्यापारी तुरुंगात गेला तरी जळालेली वही परत येत नाही आणि वहीशिवाय दावा लंगडाच राहतो.

खर्डा पूर्ण झाल्यावर तो आठवडाभर बाजूला ठेवून मोठ्याने वाचावा आणि ध्वनिमुद्रित करून ऐकावा. आवाज चढवू नये. हा निवेदक घडून गेलेले सांगतो आहे, त्याला श्रोत्याला घाबरवायचे नाही. जिथे वाचताना श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडावे आणि जिथे आवाज आपोआप नाटकी होतो तिथे बहुधा एखादे विशेषण जास्त झालेले असते. संवाद वाचताना पात्रांची नावे झाकावीत. केवळ ‘तू-तुम्ही’वरून आणि वाक्याच्या लांबीवरून बोलणारा ओळखू येत नसेल, तर ते पान पुन्हा लिहायला घ्यावे.