वार्षिकांकातील छायाचित्रांखालच्या ओळी

शाळेच्या वार्षिकांकात छायाचित्राखाली ‘सहलीतील आनंदाचे क्षण’ असे छापल्याने वाचकाला नवे काहीच कळत नाही, कारण आनंद चेहऱ्यांवर दिसतच असतो. ओळीत यायला हवे ते चित्रात न दिसणारे. ‘राणीच्या बागेत हम्बोल्ट पेंग्विन पाण्यात उतरण्याची वाट पाहणारी सहावी ब, डिसेंबर २०२४’ ही ओळ स्थळ, वर्ग, काळ आणि मुले कशाकडे टक लावून पाहत आहेत, हे सारे एका दमात सांगते. वर्ष आवर्जून लिहावे, कारण हा अंक वीस वर्षांनी पुन्हा उघडला जाणार असतो.

सर्वाधिक वेळ नावांना द्यावा. ‘पुढची रांग, डावीकडून’ असा क्रम ठरवावा, हजेरीपटावरून नावे पडताळावीत आणि तरीही मुद्रणापूर्वी मुलांना स्वतःचे नाव वाचायला द्यावे. अंकात आपलेच नाव चुकलेले पाहणे मुलाला फार लागते, असे मला मनापासून वाटते. सेवक आणि बसचालक चित्रात असतील, तर त्यांचीही नावे विचारून घ्यावीत. विशेषणे शक्यतो टाळावीत. चिडवण्याची टोपणनावे मात्र कधीही छापू नयेत.