स्पॅम शून्यावर आला तेव्हाच घाबरायला हवं होतं

नागपुरात मेल सर्व्हर गळ्यात पडतो तो असाच. हिंगणा एमआयडीसीत एखाद्या कारखान्याचं नेटवर्क बघायला जाता, आणि "हे पण बघून घ्या ना भाऊ" म्हणत पोस्टफिक्सचा, म्हणजे मेल सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड हातात ठेवतात.

स्पॅमहाउसची झेन लिस्ट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची काळी यादी, मी लावली होती आणि ती बरी चालत होती. मेल आला की सर्व्हर डीएनएसमधून या यादीला विचारतो. एका शुक्रवारी, इंटरनेटवाल्याचा डीएनएस रखडतो म्हणून रिझॉल्व्हर (डीएनएसचे प्रश्न विचारून देणारा सर्व्हर) बदलून गुगलचा सार्वजनिक ८.८.८.८ टाकला आणि घरी गेलो. शनिवारी इनबॉक्समध्ये स्पॅम शून्य. खोटं कशाला सांगू, छाती फुगली. ऑफिसातले मेल आपसात फिरत होते, बाहेरही जात होते. सोमवारी मालक म्हणाले, "पुण्याची पार्टी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, दोनदा पाठवला म्हणते, कुठं गेला?"

बाहेरून येणारा प्रत्येक मेल ५५४, म्हणजे नकाराचा कोड, खाऊन दारातूनच परत जात होता.

इथं नीट थांबा. मेल पाठवणाऱ्याचा पत्ता यादीत असेल तर झेन १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ मधलं काहीतरी उत्तर देते. नसेल तर उत्तरच नाही. पण सार्वजनिक रिझॉल्व्हरकडून विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ येतं. म्हणजे "तुमचा प्रश्न चुकीच्या वाटेनं आला". हा आकडा पाठवणाऱ्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे! पोस्टफिक्सला नुसतं लिस्टचं नाव दिलं असेल तर त्याला ते कळत नाही. उत्तर आलं म्हणजे चोर, एवढंच त्याचं गणित. म्हणून नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] लिहायचंच. आणि सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर, अनबाउंड, बसवायचा, कुणाकडे फॉरवर्ड न करणारा.

मला शिकवणारे सर म्हणायचे, "चालतंय ना? मग हात नको लावू." माणूस चांगला, सल्ला घातक. लिस्टा आपोआप मरतात. सॉर्ब्स ही अशीच एक लिस्ट २०२४ मध्ये बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये स्पॅमकॉप या दुसऱ्या लिस्टच्या डोमेनचं नूतनीकरण राहिलं, तर काही काळ सगळं जगच यादीत दिसायला लागलं. दहा लिस्टांची तयार कॉन्फिग कुठूनतरी उचलून चिकटवणाऱ्यांनी हे वाचावंच.

रोज क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लिस्टला दोन चाचणीचे प्रश्न विचारा: १२७.०.०.२ यादीत दिसलाच पाहिजे, १२७.०.०.१ दिसता कामा नये. आकडे उलटे लिहून विचारायचे असतात, हे मी दोनदा विसरलो. आपल्या लोकांची लॉगिन परवानगी लिस्टच्या तपासणीआधी ठेवा, नाहीतर घरच्या ब्रॉडबँडवरून (ते पत्तेही बहुधा यादीत असतात) मेल पाठवणारे अकाउंटंट पहिले अडकतील.

एवढं घाबरायचंही कारण नाही. नाकारलेला मेल गडप होत नाही, पाठवणाऱ्याला परत आल्याची सूचना जाते. नवी लिस्ट आधी 'वॉर्न इफ रिजेक्ट'वर, म्हणजे मेल न अडवता फक्त लॉगमध्ये नोंदवायच्या सेटिंगवर, ठेवून आठवडाभर लॉग वाचा, कुणाचं काही बिघडत नाही.

तो पीओ तिसऱ्यांदा आला. व्हॉट्सॲपवर.