बसून आणि चेलोची जोडी, उन्हाळ्यातल्या समाजमंदिरात

बसून (फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य) आणि चेलो (गजाने वाजवायचं मोठं तंतुवाद्य) यांच्यासाठीचा मोत्सार्टचा के. 292 (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) हा बी-फ्लॅट मेजर स्वरपट्टीतला सोनाटा, म्हणजे काही भागांची वाद्यरचना, विदर्भातल्या गावात मे महिन्यात वाजवायचा, तर आधी हवा सांभाळा. उष्णतेने बसूनचा सूर चढतो, चेलोच्या तारा मात्र ढिल्या पडून उतरतात. म्हणून बसून हे वाद्य 10 मिनिटं फुंकून तापवा, मग त्याच्या ‘ए’ या स्वरावर चेलो लावा. उलटं कधीच नको, कारण बसूनचा सूर फारसा हलवता येत नाही. कोरड्या हवेने चेलोच्या खुंट्या आकसून सुटतात. फिरवताना आत दाबा, तरी सरकल्या तर थोडा खडू लावा.

बसूनची रीड (तोंडात धरून फुंकायची बोरूची पट्टी) 2-3 मिनिटं पाण्यात भिजवा आणि पाण्याची वाटी शेजारीच राहू द्या. कूलरचा झोत थेट आला तर रीडचं टोक वाळतं, मग खालचे स्वर बोलतच नाहीत.

फरशीवर चेलोचा खिळा (खाली जमिनीवर टेकणारा दांडा) घसरतो. खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून त्यात तो अडकवा.

मुख्य सुरावट बसूनकडे आहे, पण लय चेलोच्या गजात असते, त्यामुळे चेलो दबकत वाजवू नका. बसूनवाल्याचा श्वास दिसेल असं तिरपं बसा. अँदान्तेत (मधल्या संथ भागात) तो श्वास घेईल तिथे गजही क्षणभर हलका करा. रोंदोचं (शेवटच्या भागाचं) पुन्हा पुन्हा येणारं धृपद दरवेळी पहिल्याच लयीत परतलं पाहिजे. इथे बहुतेक जण पळतात.