स्कूलबसपाशी या चुका टाळा: स्टिअरिंगवरून जे दिसतं ते

चौदा वर्षं झाली मला पिवळी बस चालवून. जळगाव जिल्ह्यातला पारोळा-एरंडोल पट्टा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, जुना सहा नंबर, आता 53. सुरतहून नागपूरकडे निघालेले ट्रेलर, केळीचे ट्रक, दिवाळीनंतर कापसाने फुगलेल्या गाड्या, या सगळ्यांतून पोरं नेतो-आणतो. त्याचं मला एवढं काही वाटत नाही. पोटात गोळा येतो तो बस थांबल्यावरच्या दोन मिनिटांत. आणि त्या दोन मिनिटांत घोळ घालतात ती बहुतेक वेळा मोठी माणसं.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे रस्त्यापलीकडे उभं राहून पोराला हाक मारणं. आई स्कूटीवर बसलेली, गाडी चालू, आणि तिथूनच, "ये बेटा, लवकर ये!" बेटा काय करणार? आई दिसली की त्याला रस्ता दिसत नाही. तो बसच्या पुढून धावतो आणि माझ्या बसला ओव्हरटेक करणाऱ्याला तो दिसतच नाही, मध्ये बस असते. साठच्या वेगातली मोटारसायकल एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. बस थांबली म्हणून मागचा थांबेल, ही आशा आपल्या रस्त्यावर धरू नका. गाडी किती लांब आहे, किती जोरात येतेय, हे नऊ-दहा वर्षांखालच्या पोराला नीट उमगत नाही. त्याला कितीही शिकवा, ते वयच तसं.

उपाय सोपा आहे, फक्त स्कूटीवरून उतरावं लागतं. बस ज्या बाजूला थांबते त्या बाजूला, बस यायच्या आधी उभं राहा. पोर उतरलं की मनगट धरा. बोट नको, बोट सुटतं. बस निघून जाऊ द्या, दोन्हीकडचं मोकळं दिसू द्या, मग ओलांडा. "भाऊ, उशीर होतो," म्हणतात. मी तर हाताने खूण करतो, इकडे या. येत नाहीत तोवर दार उघडत नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. थांबाच चुकीच्या बाजूला असेल तर ड्रायव्हरशी भांडून उपयोग नाही. 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, थांबे बघणं तिचं काम. तिच्याकडे लेखी द्या. चौदा वर्षांत असा अर्ज देणारे पालक मी दोनच पाहिले. फी वाढली की मात्र सगळे येतात.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या अंगावर आलेली. पावसाळ्याचे दिवस, पहिलीतलं पोरगं उतरलं. अटेंडंट ताईंनी दार लावलं, "चला" म्हणाल्या. मी आरसे पाहिले, पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला. तेवढ्यात टपरीवरच्या एका आबांनी बोनेटवर काठी हाणली. मला राग आला, काच खाली करून बोलणारच होतो. आबा नुसते चाकाकडे बोट दाखवत होते. पोराच्या डब्याचं झाकण घरंगळत पुढच्या चाकापाशी गेलेलं आणि ते वाकून काढत होतं. एवढं पोर वाकलं की बोनेटच्या खाली जातं, मला सीटवरून दिसणं शक्यच नाही. हँडब्रेक ओढून खाली उतरलो तर पाय लटपटत होते. पोरगं विचारतं, "काका, झाकण चेपलं का?"

त्या दिवसापासून माझ्या बसमध्ये दोन नियम. बसखाली पडलेली वस्तू काकांची, ती काकाच काढणार. आणि काकांचं तोंड दिसत नसेल तर काकांनाही तू दिसत नाहीस. पोरं हे घोकतात. ताईही आता उतरलेलं पोर बसपासून माझी पाच पावलं लांब गेल्याशिवाय "चला" म्हणत नाहीत.

बाकीच्या चुका थोडक्यात.

फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पोराला घेऊन डावीकडून चालू नका. उजवीकडून चाला, समोरची गाडी दिसते. पोर आतल्या बाजूला, तुम्ही रस्त्याच्या.

दप्तराचे लोंबते पट्टे दारात अडकतात. गाठ मारा.

चार वर्षांखालच्या पोराला मोटारसायकलवर टाकीवर बसवता, तिकडे नियम हार्नेस (पोराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा), हेल्मेट आणि चाळीसच्या आतला वेग मागतो. त्याबद्दल जास्त बोललो तर भांडणं होतात.

रिक्षात ड्रायव्हरशेजारी पोरं कोंबणाऱ्याला पैसे देणं बंद करा, दुसरा इलाज नाही.

आता आमच्या लोकांची चूक. शेवटचा थांबा झाला की काही ड्रायव्हर आरशात बघतात आणि बसला कुलूप लावतात. झोपलेलं पोर आरशात दिसत नाही, आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन सांगायला नको. मी मागपर्यंत चालत जातो, प्रत्येक सीटवर हात ठेवतो, खाली वाकून बघतो. घरी जायची घाई असते तेव्हा मुद्दाम दोनदा. बहुतेक वेळा खोडरबर नाहीतर एखादा मोजा मिळतो. एकदा मात्र शेवटून दुसऱ्या सीटवर बालवाडीतली मुलगी सापडली, बूट काढून, दप्तर उशाला घेऊन गाढ झोपलेली.