कर्ज फेडलं, तरी सिबिल खराबच? या चुका टाळा

वसुली एजंटचा फोन साधारण असाच येतो. "सर, अठ्ठेचाळीस हजार कशाला भरता? वीसमध्ये मिटवून देतो. ऑफर आज संध्याकाळपर्यंतच." माणूस वीस हजार भरतो, सुटलो म्हणतो. पुढे घरकर्जासाठी बँकेत गेला की समोरचा अधिकारी स्क्रीनकडे बघत विचारतो, "हे कार्ड सेटल केलं होतं का?"

थकबाकी 'मिटवली' म्हणजे खातं बंद झालं असं समजणं

उरलेले अठ्ठावीस हजार बँकेने सोडून दिले, म्हणून सिबिलच्या रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' न लागता 'सेटल्ड' लागतं. चालू बाकी शून्य दिसते, पण पुढचं कर्ज देणाऱ्याला कळतं की या माणसाने आधीच्या बँकेचे पूर्ण पैसे दिलेले नाहीत. ऐपत असेल तर पूर्ण रक्कमच भरा, असं माझं स्पष्ट मत आहे. घासाघीस करायचीच असेल तर दंड आणि व्याजावर करा, आणि पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: एवढी रक्कम भरल्यावर खातं 'क्लोज्ड' कळवणार की 'सेटल्ड'? उत्तर बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ई-मेलवरून आलं पाहिजे. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजला काडीची किंमत नाही. पैसेही थेट कर्जखात्यात भरायचे, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही.

आधीच सेटल करून बसला असाल तर बँकेला पत्र द्या, उरलेली रक्कम भरायची तयारी दाखवा आणि त्याबदल्यात स्थिती 'क्लोज्ड' करून मागा. बँक तयार झाली तर पैसे भरल्यावर नो ड्यूज दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं पत्र, घेतल्याशिवाय थांबू नका.

राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी असं धरून चालणं

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक (अडकलेलं) कर्ज, होतं. पुढे वसुलीची आशा संपली की बँक ती रक्कम आपल्या ताळेबंदातून काढते. हा झाला बँकेचा अंतर्गत हिशेब. तुमच्याकडचं येणं तसंच राहतं, आणि रिपोर्टवर 'रिटन-ऑफ' हा 'सेटल्ड'पेक्षाही वाईट शेरा बसतो. अशी थकीत कर्जं बँका पुष्कळदा मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकतात. मग एकच कर्ज जुन्या बँकेच्या आणि नव्या कंपनीच्या नावावर दोनदा थकीत दिसण्याचा घोळ होऊ शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी येणं आज नेमकं कोणाकडे आहे हे जुन्या बँकेकडून लेखी घ्या. येणं ज्याच्याकडे असेल, नो ड्यूज दाखलाही तोच देणार.

सात वर्षं दम धरला की पुसलं जाईल

हा समज अमेरिकेतून आलाय. तिथे जुनी थकबाकी साधारण सात वर्षांनी रिपोर्टमधून काढावी लागते. आपल्याकडे २००५च्या कायद्याखालच्या नियमांनुसार सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना (कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या) माहिती किमान सात वर्षं ठेवावीच लागते. सात वर्षांनी पुसलीच पाहिजे असं त्यात नाही. तीन वर्षांची मुदत ऐकून काहीजण निर्धास्त होतात, पण ती कोर्टात दावा लावण्याची मुदत. रिपोर्टमधल्या नोंदीशी तिचा संबंध नाही.

रिपोर्टमध्ये गेल्या ३६ महिन्यांची एक पट्टीही असते: ०००, ०००, ०३०, ०६१, ०९२. हप्ता किती दिवस थकला याचे हे आकडे. ते खरे असतील तर कोणीही खोडू शकत नाही. खातं बंद करा, नवे हप्ते वेळेवर भरा, म्हणजे जुने महिने पट्टीतून मागे सरकत जातात. 'आठ दिवसांत सिबिल क्लीन' म्हणून पैसे घेणारा यातलं काहीही करू शकत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायची तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता.

जाता जाता दोन गोष्टी. कार्ड कात्रीने कापलं म्हणून खातं बंद होत नाही, वार्षिक शुल्क साचत जातं आणि ती थकबाकीही कळवली जाते. बाकी चुकती करून लेखी अर्ज द्या, बँकेने सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. दुसरं, साडूच्या ट्रॅक्टरला किंवा मित्राच्या दुकानाला जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टवर येऊ शकतं. भिडेखातर सही करणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी स्वतःचा रिपोर्ट काढून बघावा.

फक्त सिबिलकडे तक्रार करून वाट बघणं

सिबिल नोंद स्वतःहून बदलत नाही, बँकेला विचारते. बँकेने 'आमची माहिती बरोबर आहे' म्हटलं की तक्रार बंद. त्यामुळे दोन्हीकडे तक्रार करा: बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारी बघणाऱ्या) नो ड्यूज आणि पावत्या जोडून, आणि पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन. अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, आणि एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे जुनीच राहू शकते. चारही तपासा.

पैसे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी घाबरून तक्रार करू नका. जानेवारी २०२५पासून बँका निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, तेव्हा महिनाभर थांबा.

तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला तुम्हाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. यातले २१ दिवस बँकेचे असतात. तक्रारीची तारीख आणि क्रमांक नसेल तर हे दिवस मोजायचे कुठून? म्हणून शाखेत तोंडी सांगून येऊ नका, पोच घ्या. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, आणि सप्टेंबर २०२२पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. मात्र बँकेकडे आधी तक्रार केल्याची पोच जोडली नाही, तर अर्ज तिथेच परत येतो.