गुलामगिरीवरचा नावाजलेला चित्रपट कसा पारखावा

गुलामगिरीवरचा एखादा ऑस्करविजेता चित्रपट पाहून उठलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी सांगतो: बघवत नाही, आणि बघायलाच हवा. दोन्ही मनापासून आलेलं असतं, पण त्यातून चित्रपट किती चांगला आहे हे कळत नाही. विषयच असा आहे की बेताच्या दिग्दर्शकाच्या हातातही आवंढा दाटून येतो. तो आवंढा घटनेचा असतो, श्रेय मात्र चित्रपटाला जातं. म्हणून पारख करायची तर इतिहासाने दिलेलं किती आणि चित्रपटाने पदरचं घातलेलं किती, हे वेगळं काढावं लागतं. त्यासाठी दोन संध्याकाळी, एक वही आणि एक जुनं पुस्तक पुरतं.

नमुना म्हणून 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' घ्या. स्टीव्ह मॅक्वीनच्या या २०१३ च्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, सहाय्यक अभिनेत्री (लुपिता न्योंगो) आणि रूपांतरित पटकथा (जॉन रिडली) अशी तीन ऑस्कर मिळाली. सरावाला तो सोयीचा आहे, कारण त्याचं मूळ उघडं आहे. सॉलोमन नॉर्थप हा न्यूयॉर्क राज्यातला स्वतंत्र काळा नागरिक आणि व्हायोलिनवादक. १८४१ मध्ये त्याला वॉशिंग्टनमध्ये फसवून पळवलं आणि लुइझियानात विकलं. तो जानेवारी १८५३ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी त्याचं आत्मकथन छापलं गेलं. शब्दांकन डेव्हिड विल्सन या वकिलाचं. पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने इंटरनेटवर फुकट वाचता येतं. १९६८ मध्ये सू ईकिन आणि जोसेफ लॉग्सडन यांनी त्यातले तपशील कागदपत्रांशी ताडून टीपांसह आवृत्ती काढली. मालाच्या यादीत माणसांची नावं लिहायची पद्धत होती. त्याला ज्या जहाजातून न्यू ऑर्लिन्सला नेलं, त्याच्या यादीत त्याच्यावर लादलेलं 'प्लॅट' हे नावही आहे.

आधी पाहा, मग वाचा

पुस्तक आधी वाचू नका. वाचून बसलात की सगळा वेळ फरक शोधण्यात जातो आणि चित्रपट दिसतच नाही. पहिल्यांदा पूर्ण १३४ मिनिटं सलग पाहा. संवाद १९ व्या शतकातल्या पुस्तकी इंग्रजीच्या वळणाचे आहेत, तेव्हा सबटायटल सुरू ठेवा. डब केलेली आवृत्ती मिळाली तरी टाळा, कारण मालक आणि गुलाम कोणत्या भाषेत बोलतात यातच अर्धी गोष्ट आहे.

वहीत तीन रकाने पाडा: काम, मार, बोलणं. दृश्य संपलं की योग्य रकान्यात एक रेघ ओढायची, बाकी काही लिहायचं नाही. 'काम' म्हणजे मजुरी नुसती मागे चाललेली नव्हे, कसं करतात ते कळावं इतकी दिसली पाहिजे. 'मार' म्हणजे फटका, फास, बलात्कार, किंवा त्याची उघड धमकी. 'बोलणं' मोजताना कडक राहा. चौकटीत एकही गोरा माणूस नाही आणि गुलाम केलेली माणसं एकमेकांशी मालकाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलताहेत, तरच रेघ. हा तिसरा रकाना बहुतेक गाजलेल्या चित्रपटांत जवळपास रिकामा राहतो. रिकामा राहिला तर समजावं की पटकथेला या माणसांचं दुःख ठाऊक आहे, त्यांचं आयुष्य नाही.

गुलामगिरी ही मुळात काम काढून घेण्याची व्यवस्था होती. मार हे त्या कामाचं अवजार होतं. चित्रपटात मार भरपूर आणि काम नावापुरतं असेल, तर मालक केवळ क्रूर किंवा वेडा वाटतो, आणि ज्या हिशेबातून ती क्रूरता रोज उगवत होती तो हिशेब दिसत नाही.

पाच ठिकाणी पुस्तक ताडून पाहा

दुसऱ्या दिवशी सगळं पुस्तक नको. प्रकरण ५, मग ८ आणि ९ एकत्र, १२, १८ आणि २१ वाचा.

बाराव्या प्रकरणात कापसाची वेचणी आहे, आणि आमच्या मते चित्रपट तिथेच सर्वांत जास्त गमावतो. वेचणाऱ्याच्या गळ्यात पट्ट्याची झोळी, ओळीच्या तोंडाशी टोपली. दिवसाचं साधारण माप २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो. वेचणीला कधी गेलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगायला नको. सॉलोमनचा पहिल्या दिवसाचा कापूस ९५ पौंड भरला. त्याच मळ्यावरची गुलाम पॅट्सी मात्र ५०० पौंड वेचायची. आठवड्याचा शिधा साडेतीन पौंड खारवलेलं डुकराचं मांस आणि भाकरीपुरता मका. वजन चित्रपटातही होतं, आकडे पुकारले जातात, कमी भरलं की फटके बसतात. पण पुस्तकातली कोंडी याहून घट्ट आहे: माप दहा-वीस पौंडांनी जास्त भरलं, तर उद्याचं माप त्याच हिशेबाने वाढण्याची भीती. म्हणजे कमी वेचलं तर आज मार, जास्त वेचलं तर उद्या. काट्याकडे झोळी घेऊन जाणारा प्रत्येक जण दोन्ही बाजूंनी धास्तावलेला. ही एक ओळ पडद्यावर आली असती तर व्यवस्था समजली असती.

आठवं-नववं प्रकरण फाशीच्या प्रसंगाचं आहे, आणि इथे चित्रपट पुस्तकाच्या पुढे जातो. टिबिट्स हा सुतार सॉलोमनला झाडाला लटकवायला निघतो, मुकादम त्याला हुसकावतो, पण सॉलोमनला सोडवत नाही. पुस्तकात तो हात-पाय बांधलेला, गळ्यात फास अडकवलेला, दिवसभर उन्हात उभा आहे. चित्रपटात त्याचे पाय जेमतेम चिखलाला टेकतात. बदल मोठा आहे, पण त्याचं मोल कशात आहे ते पाहा. कॅमेरा दूर उभा राहतो, संगीत नाही, फक्त किडे आणि चिखलात सरकणाऱ्या पायांचा आवाज. मागे झोपड्यांतून माणसं बाहेर येतात, कामाला लागतात, मुलं खेळतात. एक बाई घाईने येऊन पाणी पाजते आणि निघून जाते. कुणीही दोर कापत नाही, कारण कापणाऱ्याचं काय होईल हे सगळ्यांना माहीत आहे. एक अक्षर न बोलता दहशत कशी मुरलेली असते हे दाखवणारं असं दृश्य क्वचितच सापडेल. दुसऱ्यांदा बघताना हे दृश्य घड्याळ लावून पाहा आणि कट मोजा. किती कमी आहेत ते कळलं की कौतुक कशाचं करायचं ते आपोआप कळतं.

याच प्रसंगात पैशाचा धागा आहे, तो सुटू देऊ नका. मुकादम सॉलोमनला वाचवतो त्याचं कारण दयेइतकंच कर्जाचं आहे. त्याचा आधीचा मालक फोर्ड टिबिट्सचं देणं लागत होता. त्या देण्यापोटी त्याने सॉलोमनला विकलं, पण सॉलोमनची किंमत देण्याच्या रकमेपेक्षा जास्त होती, म्हणून ४०० डॉलरचं गहाण फोर्डकडे राहिलं. सॉलोमन मेला तर फोर्डचे पैसे बुडाले. याच फोर्डने त्याला हजार डॉलरना, आणि त्याच्याबरोबरच्या हॅरीला ९०० ना, एलायझाला ७०० ना विकत घेतलं होतं. चित्रपट गहाणाचा उल्लेख संवादात करतो, हे त्याचं श्रेय.

हाच पैशाचा प्रश्न पाचव्या प्रकरणाला लावा. चित्रपटात जहाजावर एक खलाशी एलायझाकडे येतो, रॉबर्ट हा सोबतचा कैदी आडवा येतो, खलाशी त्याला भोसकतो. पुस्तकात रॉबर्ट देवीच्या रोगाने मरतो. नुसती चूक म्हणून ही नोंदवू नका, विचारा की या बदलाने काय बिघडलं. विक्रीला चाललेला तरणा माणूस म्हणजे कित्येक शे डॉलरचा माल. खलाशी मालकाचा माल सहज मारून टाकतो आणि कुणी जाब विचारत नाही, हे त्या व्यवस्थेच्याच हिशेबात बसत नाही. धक्क्यासाठी तर्क विकला गेला.

पॅट्सीचं काय केलं

अठरावं प्रकरण वाचायला जड आहे, तरी वाचा. साबणाची वडी आणायला शेजारच्या मळ्यावर गेलेल्या पॅट्सीला मळ्याचा मालक एप्स फटके मारवतो, आणि ते मारायला सॉलोमनला लावतो. पुस्तकात तिला चार खुंट्या ठोकून पालथं बांधलेलं आहे. चित्रपटात ती खांबाला उभी बांधली आहे, त्यामुळे तिचा चेहरा समोर राहतो. कॅमेरा कित्येक मिनिटं न तोडता तिच्या चेहऱ्यावरून मारणाऱ्यांकडे, तिथून पाठीकडे फिरतो. आणि नंतर जमिनीवर पडलेली ती साबणाची वडी. न्योंगोचं ऑस्कर या दृश्यात वसूल होतं, यात वाद नाही.

पण त्याआधीचं एक रात्रीचं दृश्य आठवा, जिथे पॅट्सी सॉलोमनकडे मरण मागते. पुस्तकात पॅट्सी असं काही मागत नाही. तिला गुपचूप मारून दलदलीच्या काठी पुरावं म्हणून सॉलोमनला लाच देऊ पाहते ती एप्सची बायको. आणि पॅट्सीबद्दल नॉर्थप लिहितो ते असं, की फटक्यांनंतर तर तिचं आयुष्य म्हणजे स्वातंत्र्याचं एक लांबलचक स्वप्न होतं. कुठेतरी दूर एक देश आहे जिथे गुलाम नाहीत, एवढंच तिला माहीत होतं. शिवाय ती सगळ्यात उंच कुंपणं ओलांडणारी, कुठल्याही घोड्यावरून न पडणारी बाई आहे. मालकिणीची इच्छा पॅट्सीच्या तोंडी घातल्याने स्वातंत्र्य मागणारी बाई मरण मागणारी झाली. या चित्रपटावरचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे, आणि तारखेच्या दहा चुकांपेक्षा तो गंभीर आहे.

सुटका कुणी केली, कशाच्या बळावर

एकविसाव्या प्रकरणात सुटकेचा मार्ग आहे. कॅनडाचा सुतार बास पत्रं टाकतो. न्यूयॉर्कमध्ये १८४० चा एक कायदा होता. पळवून नेलेल्या स्वतंत्र नागरिकाला परत आणायला राज्यपाल त्या कायद्याने प्रतिनिधी नेमू शके. त्याप्रमाणे हेन्री नॉर्थप हा वकील लुइझियानाला गेला. चित्रपटात ओळखीचा दुकानदार गाडीतून उतरतो आणि सॉलोमन निघतो. कायदा गाळल्याने एक महत्त्वाची गोष्ट हरवते: पॅट्सी मागे का राहिली? तिच्यासाठी कुठल्याही राज्यात असा कायदा नव्हता. बासला 'गोरा तारणहार' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मात्र थोडं थांबावं, तो पुस्तकात आहे, खरा आहे, आणि त्याने जोखीम घेतली होती.

तारणहाराची खरी अडचण बघायची तर स्पीलबर्गचा 'अमिस्टाड' (१९९७) लावा. गुलाम म्हणून नेताना जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकी माणसांवर अमेरिकेत चाललेल्या खटल्याची ती गोष्ट. त्यांना आफ्रिकेतून आणणाऱ्या टेकोरा जहाजाच्या तळातला त्याचा भाग आजही अंगावर येतो. पण मॉर्गन फ्रीमनने केलेला थिओडोर जोडसन हा माणूस इतिहासात नाहीच. ज्यांनी खरंच काम केलं ते मागे पडले. येलचे प्राध्यापक जोसाया गिब्ज कैद्यांच्या मेंडे भाषेतले आकडे शिकून न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर मोठ्याने मोजत फिरले, तेव्हा जेम्स कोव्ही या खलाशाला ती आपली भाषा ओळखू आली आणि कैद्यांना दुभाषा मिळाला. (कोव्हीची छोटी भूमिका चुएटेल एजिओफोरची, जो पुढे सॉलोमन झाला.) सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च १८४१ चा निकालही गुलामगिरीविरुद्ध नव्हता. हे लोक क्यूबात बेकायदा आणलेले, म्हणून स्वतंत्र, एवढंच त्यात होतं. चित्रपटाचा सूर ऐकून उलटं वाटतं. हा चित्रपट कीर्तीला निम्मा उतरतो.

'ग्लोरी' (१९८९) मध्ये अमेरिकन यादवी युद्धातल्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या सैनिकांच्या पलटणीतले बहुतेक जण पळून आलेले गुलाम दाखवलेत, प्रत्यक्षात बहुतेक जण उत्तरेतले जन्मतः स्वतंत्र होते. गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध लढलेला नेता फ्रेडरिक डग्लस याचे दोन मुलगे त्या पलटणीत होते, पडद्यावर ते नाहीत. 'लिंकन' (२०१२) संसदेतल्या मतांच्या जुळवाजुळवीवरचा उत्तम चित्रपट आहे. गुलामगिरीवरचा म्हणून तो पाहू नये.

कुठे घसरायला होतं

सर्वांत सोपी घसरण म्हणजे चुका मोजून गुण देणं. बदल तीन जातींचे असतात: वेळेसाठी छाटलेले, एकाचं दुसऱ्यावर सरकवलेले, नवे घडवलेले. पहिल्यांकडे दुर्लक्ष करा. दुसऱ्या-तिसऱ्यांत एवढंच विचारा की बदलाने कुणाची इच्छाशक्ती काढून घेतली.

दुसरी घसरण आपल्याकडची आहे. 'गुलामगिरी' म्हटलं की जोतीराव फुले आठवतात, आणि आठवावेतच. १८७३ चं ते पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. तुलना जुनी आणि सकस आहे. पण चित्रपट चालू असताना प्रत्येक दृश्याला जातीचं भाषांतर लावू नका. तिथला माणूस कायद्याने विकता येतो, गहाण पडतो, हे वेगळं समजून घेतलं तरच तुलनेला धार येते.

आणि फक्त हॉलिवूडवर थांबू नका. तिसरा रकाना भरलेला बघायचा असेल तर इथिओपियन दिग्दर्शक हेले गेरिमाचा 'सान्कोफा' (१९९३) पाहा, जो वितरक न मिळाल्याने त्यांनी स्वतः गावोगाव दाखवला. क्यूबाच्या तोमास गुतिएरेस आलेआचा 'ला उल्तिमा सेना' (१९७६) तर अख्खा एका जेवणावर उभा आहे: साखरेच्या मळ्याचा मालक पुण्य मिळवायला बारा गुलामांना पंगतीला बसवतो, आणि ते बोलू लागतात.

दुसऱ्या पाहण्यात शेवटच्या पाट्या वाचेपर्यंत उठू नका. सॉलोमनने आपल्याला विकणाऱ्या बर्चवर खटला केला, पण काळा असल्यामुळे वॉशिंग्टनच्या न्यायालयात त्याची साक्षच घेतली गेली नाही. पळवणाऱ्या दोघांवरचा न्यूयॉर्कमधला खटलाही १८५७ मध्ये गुंडाळला गेला. या पाट्या वाचून झाल्या की वही उघडा आणि तिसऱ्या रकान्यातल्या रेघा मोजा.